कुटुंबाचे आरोग्य : बरे न होणारे फोड

"तोंड आले आहे" ही आपल्या घरांतून फारशी गंभीर मानली जाणारी तक्रार नव्हे. उष्णता झाली, जागरण झाले, तिखट फार खाल्ले, पोट साफ नाही, अशी तिची कारणे आपण घरच्या घरी ठरवतो. गुलकंद, सब्जाचे पाणी, तुपाचे बोट आणि फारच झाले तर औषधांच्या दुकानातून आणलेल्या 'बी' जीवनसत्त्वाच्या गोळ्या, एवढ्यावर आठदहा दिवसांत काम भागते. बहुतेक वेळा हे सारे बरोबरही असते. या महिन्याच्या सदरात ज्याविषयी लिहावयाचे आहे तो प्रसंग मात्र निराळा. तोंड येते आणि जात नाही. पंधरवडा जातो, महिना जातो. गालाच्या आतल्या बाजूस, हिरड्यांवर, टाळूवर साल निघाल्यासारखी लाल, ओली जागा राहते. घास गिळताना डोळ्यांत पाणी येते. मग एके दिवशी छातीवर, पाठीवर किंवा डोक्यात केसांमध्ये पाण्याने भरलेला एखादा फोड दिसतो. तो हात लागताच फुटतो, आणि त्याच्या जागी राहिलेली जखम भरून येण्याऐवजी कडेने पसरू लागते.

या रोगाचे नाव 'पेम्फिगस'. फोड या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून हे नाव पडले आहे. हा रोग विरळा आहे हे खरे. परंतु भारतात फोडांच्या या जातीच्या रोगांत तोच सर्वांत अधिक आढळतो, आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो तरुण वयात, म्हणजे घर चालविणाऱ्या, मुले वाढविणाऱ्या स्त्रीपुरुषांना गाठतो. तो ओळखला जाण्यापूर्वी कित्येक महिने निघून जातात. रोगी प्रथम दातांच्या डॉक्टरांकडे जातो, मग कान-नाक-घसा पाहणाऱ्यांकडे, मग कोणी सांगेल त्या वैद्याकडे. ओळख पटल्यावर या रोगावर आज चांगला इलाज आहे, म्हणून गमावलेल्या महिन्यांची हळहळ अधिक वाटते. विरळ रोगासाठी एका कौटुंबिक मासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण एवढेच.

प्रस्तुत लेखकाजवळ वैद्यकाची पदवी नाही. अन्य भाषांतील मजकूर मराठीत आणणे व तो नीट लावणे हे त्याचे काम. तेव्हा आरंभ शब्दांपासून केला तर वाचकांनी क्षमा करावी, कारण या रोगांच्या बाबतीत पुष्कळसा घोटाळा नावांतूनच होतो.

अंगावर पाण्याचे फोड आले की आपल्या तोंडी प्रथम दोन शब्द येतात : 'नागीण' आणि 'कांजिण्या'. जुन्या पिढीच्या तोंडी तिसराही येई, तो म्हणजे 'देवी'. देवीचा रोग भारतातून १९७५ साली नाहीसा झाला, परंतु फोड म्हणजे काहीतरी लागणारे, दैवी कोपाचे किंवा विटाळाचे, ही भावना त्याच्याबरोबर गेली नाही. नागीण व कांजिण्या हे विषाणूंचे रोग आहेत. नागीण शरीराच्या एकाच बाजूस, एका पट्ट्यात उठते, आग आणि कळा देते, व साधारणपणे तीनचार आठवड्यांत तिचा भर ओसरतो. (नागिणीची दोन टोके एकमेकांस मिळाली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे.) कांजिण्या ताप घेऊन येतात आणि त्यांच्या खपल्या धरतात. ज्या रोगांविषयी आपण बोलत आहोत ते यांपैकी कशानेही होत नाहीत. त्यांत जंतू नाही, विषाणू नाही, म्हणून ते एकापासून दुसऱ्यास लागत नाहीत. पेम्फिगसच्या रोग्याचे ताट, पेला, अंथरूण वेगळे करण्याचे काडीमात्र कारण नाही. आई रोगी असेल तर मुलाला तिच्या कुशीत झोपू द्यावे.

हा नावांचा घोटाळा केवळ आपलाच आहे असे नव्हे. गरोदरपणी होणाऱ्या अशाच एका रोगाला पाश्चात्त्य वैद्यकाने पुष्कळ वर्षे 'हर्पीस' म्हटले. वस्तुतः हर्पीसच्या विषाणूशी त्याचा काहीही संबंध नाही, फोडांचे पुंजके तेवढे तसे दिसतात. ब्राझीलच्या ग्रामीण भागात, नद्यांच्या आसपास, पेम्फिगसचा एक प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याला तेथील लोक पोर्तुगीज भाषेत जे म्हणतात त्याचा अर्थ 'रानटी आग' असा होतो. आपण त्याला वणवा म्हटले असते. भाजल्यासारखी दिसणारी कातडी आणि अंगाची लाही, यांवरून लोकांनी ते नाव दिले. नाव अर्थपूर्ण आहे, पण त्यावरून रोगाचे कारण कळत नाही.

कारण कळले ते गेल्या शतकात, आणि तेही टप्प्याटप्प्याने.

आपली कातडी एकाच कापडाची नाही. जुन्या गोधडीची कल्पना करा. वर एक थर, खाली अस्तर, आणि दोन्हींना एकत्र धरणारे टाके. कातडीचा वरचा थर असंख्य पेशींचा बनलेला असतो. त्या पेशी एकमेकींना अतिसूक्ष्म टाक्यांनी जोडलेल्या असतात. हा सबंध वरचा थर खालच्या जाड थराला दुसऱ्याच प्रकारच्या टाक्यांनी घट्ट बसविलेला असतो. हे टाके म्हणजे विशिष्ट प्रथिने. आता आपल्या रक्तात रोगजंतूंशी झुंजण्यासाठी जी प्रतिपिंडे तयार होतात, त्यांची ओळख चुकली आणि ती या टाक्यांनाच परके समजून त्यांच्यावर तुटून पडली, तर काय होईल? टाके उसवतील, उसवलेल्या जागी पाणी साचेल, आणि वरून ते फोडासारखे दिसेल. शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक दलाने स्वतःवर केलेल्या हल्ल्यातून होणाऱ्या अशा रोगांना 'ऑटोइम्यून' रोग म्हणतात. 'स्वयंप्रतिरोधी', 'आत्मप्रतिरक्षी' असे प्रतिशब्द ग्रंथांतून आढळतात; आपल्या डॉक्टरांच्या तोंडी मात्र ऑटोइम्यून हाच शब्द ऐकू येईल, म्हणून तो ओळखीचा असलेला बरा.

कोणते टाके उसवले यावरून रोगाचा प्रकार ठरतो. पेम्फिगसमध्ये वरच्या थरातील पेशी एकमेकींपासून सुटतात. म्हणून त्याच्या फोडाचे वरचे आच्छादन अगदी पातळ असते; फोड लिबलिबीत असतो आणि फार काळ टिकत नाही. पुष्कळदा डॉक्टरांपुढे जाईपर्यंत एकही फोड शिल्लक नसतो, नुसत्या जखमा असतात. 'पेम्फिगॉइड' या दुसऱ्या रोगात सबंध वरचा थर अस्तरापासून सुटतो. आच्छादन जाड राहिल्याने त्याचे फोड टणक, ताणलेले असतात आणि दिवसचे दिवस तसेच राहतात. बोस्टनचे डॉक्टर वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ साली सूक्ष्मदर्शकाखाली हा भेद दाखवून हे दोन रोग वेगळे केले. तोपर्यंत दोन्हींना एकच समजले जाई. पुढे १९६४ साली अर्न्स्ट ब्यूटनर व रॉबर्ट जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रोग्यांच्या रक्तात कातडीवर चाल करणारी प्रतिपिंडे असल्याचे सिद्ध केले. १९९१ मध्ये मासायुकी अमागाई, जॉन स्टॅनली व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रतिपिंडांच्या हल्ल्याचे नेमके लक्ष्य शोधून काढले. त्या प्रथिनाला आज 'डेस्मोग्लीन ३' म्हणतात. तोंडातील नाजूक त्वचेचे टाके मुख्यतः याच प्रथिनाचे असतात, अंगावरील कातडीत मात्र 'डेस्मोग्लीन १' हा त्याचा भाऊबंदही मदतीला असतो. रोग प्रथम तोंडात का दिसतो याचा उलगडा त्यावरून होतो.

पेम्फिगॉइड हा मुख्यत्वे वृद्धांचा रोग, साठी-सत्तरीच्या पुढचा. त्याची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. फोड येण्यापूर्वी कित्येक आठवडे, क्वचित महिने, नुसती खाज सुटते. घरातील आजोबा रात्रभर अंग खाजवतात. कोणी म्हणते खरूज, कोणी म्हणते कोरडी कातडी, कोणी म्हणते म्हातारपण. मधुमेहावरील 'ग्लिप्टिन' वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांत हा रोग अधिक आढळतो असेही दिसून आले आहे. या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' हे शब्द येतात आणि आपल्या देशात त्या पुष्कळ घरांत आहेत. वृद्ध माणसास न थांबणारी खाज किंवा टणक फोड आले असता सर्व गोळ्यांची वेष्टने डॉक्टरांना दाखवावीत. गोळी बंद करावयाची की नाही हे त्यांनी ठरवावयाचे. आपण होऊन मधुमेहाचे औषध सोडणे धोक्याचे आहे.

तिसरा रोग स्वयंपाकघराशी संबंधित आहे. फिलाडेल्फियाचे लुई डूरिंग यांनी १८८४ मध्ये त्याचे वर्णन केले. कोपरे, गुडघे आणि कुल्ले यांवर बारीक फोडांचे, असह्य खाजेचे पुंजके उठतात. रोगी ते इतके खाजवतो की फोड दिसतच नाहीत, ओरखडे तेवढे दिसतात. याचे मूळ गहू व जव यांतील 'ग्लुटेन' या प्रथिनाविषयी शरीराला आलेल्या असहिष्णुतेत आहे. आतड्यांचा 'सीलिअॅक' रोग तो हाच. तो कातडीवर असा प्रकट होतो. भारतात सीलिअॅक रोग गहू खाणाऱ्या उत्तरेकडील प्रांतांत अधिक आढळतो. दिल्ली, इंदूर, ग्वाल्हेर येथे तीनतीन पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत भाकरी मागे पडून पोळीच दोन्ही वेळा पानात आली आहे. अशा घरात हा रोग निघालाच तर आजीची भाकरी पुन्हा चुलीवर येईल, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांत ग्लुटेन नाही. मात्र जागरूक राहावे लागते. रवा, शेवया, मैदा हे तर उघडच आहेत. पण थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी गहू घालतात, सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो, आणि बाजारच्या डबीतील हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्या गिरणीत नुकताच गहू दळला तिच्यातच ज्वारी दळली तर गव्हाचे पीठ तिच्यात आलेच.

या रोगाची खाज 'डॅप्सोन' या गोळीने काही दिवसांतच थांबते. ही गोळी कुष्ठरोगावर दिली जाते. तिचे नाव वाचून, किंवा औषधाच्या दुकानात कोणी काही बोलल्यामुळे, घरातील माणसे हादरल्याची उदाहरणे आहेत. एकच औषध दोन निराळ्या रोगांवर चालते, एवढाच याचा अर्थ. ती सुरू करण्यापूर्वी रक्तातील 'जी-६-पी-डी' हे द्रव्य पुरेसे आहे ना, ही तपासणी करून घ्यावी. ते कमी असणाऱ्यांचे रक्त या गोळीने झपाट्याने कमी होऊ शकते.

आता निदानाविषयी. येथे कुटुंबाचा हातभार फार मोठा असतो, तो असा.

फोड टिकत नाहीत, हे वर सांगितले. आज बहुतेकांच्या हाती छायाचित्रे घेणारा दूरध्वनी आहे. नवा फोड दिसताच त्याचे छायाचित्र तारखेसह घेऊन ठेवावे. डॉक्टरांना हकीकत सांगताना 'तोंड आले आहे' एवढेच न सांगता किती दिवस झाले, आधी फोड होता की एकदम जखम, अंगावर कोठे आहे, डोळे किंवा लघवीची जागा चुरचुरते काय, हे सांगावे. हिंदीत बोलावयाचे असल्यास 'छाले' हा शब्द तोंडातील जखमांना आणि अंगावरील फोडांना सारखाच वापरतात, तेव्हा दोन्ही कोठे आहेत ते बोटाने दाखवावे. लाज न बाळगता सर्व अंग तपासू द्यावे. फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडी हलकेच घासली असता ती सरकते काय, हे डॉक्टर पाहतात. रशियन वैद्य निकोल्स्की यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. घरी हा प्रयोग कोणीही करू नये, त्याने नवी जखम होते.

पहिली सोपी तपासणी म्हणजे फोडाचा तळ अलगद खरवडून काचेवर घेणे व रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. आर्नो त्झांक यांनी १९४७ साली ती प्रचारात आणली. तिला खर्च थोडा, वेळही थोडा. पेम्फिगसमध्ये सुट्या झालेल्या गोल पेशी तीत दिसतात. त्यानंतर कातडीचे दोन तुकडे काढतात. पहिला नव्या, लहान फोडाच्या कडेचा. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात व त्यावरून कोणत्या पातळीवर थर सुटला ते कळते. दुसरा तुकडा फोडाशेजारच्या, चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा. त्यावर चमकणाऱ्या द्रव्याची प्रक्रिया करून प्रतिपिंडे कोठे चिकटली आहेत ते पाहतात. पेम्फिगसमध्ये पेशीपेशींभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उजळते, पेम्फिगॉइडमध्ये दोन थरांच्या सीमेवर एक सरळ रेघ उजळते.

येथे एक व्यावहारिक गोष्ट अगत्याने सांगावीशी वाटते. आपल्याकडे कित्येक ठिकाणी तुकड्यांच्या बाटल्या प्रयोगशाळेत पोचविण्याचे काम नातेवाइकांवरच पडते. दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडला तर तो या तपासणीस निरुपयोगी होतो आणि रोग्याला पुन्हा एकदा टाके घालून घ्यावे लागतात. तो 'मिशेल' नावाच्या द्रवात, किंवा प्रयोगशाळा जवळ असल्यास थोड्या वेळापुरता सलाइनमध्ये ठेवतात. म्हणून बाटल्या हाती घेताना "यांतली कोणती कोणत्या तपासणीची, आणि कोणत्या द्रवात?" हे विचारून चिठ्ठ्या पाहून घ्याव्यात. असे विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही. याशिवाय रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण मोजण्याची 'एलायझा' नावाची तपासणी असते. ती रोग किती बळावला आहे व औषधाने किती हटला आहे हे पाहण्यासही उपयोगी पडते.

इलाजाची हकीकत आशादायक आहे. १९५० च्या सुमारास कॉर्टिझोन व त्याच्या जातीची औषधे, म्हणजे आज ज्यांना आपण सरसकट 'स्टेरॉइड' म्हणतो ती, हाती येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रोगी काही वर्षांत मरण पावत. भाजलेल्या माणसाप्रमाणे त्यांच्या अंगातून पाणी व प्रथिने झिरपत आणि उघड्या जखमांतून जंतू शिरत. स्टेरॉइडनी हे चित्र पालटले. परंतु मोठ्या मात्रेत, रोज, वर्षानुवर्षे ती घ्यावी लागली तर मधुमेह, रक्तदाब, ठिसूळ हाडे, मोतीबिंदू आणि दडलेला क्षयरोग पुन्हा डोके वर काढणे, असे नवे शत्रू उभे राहतात.

या पेचावर एक मार्ग भारतातच निघाला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टर जे. एस. पसरीचा यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नवी पद्धत बसविली व १९८४ मध्ये ती प्रसिद्ध केली. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १०० मिलिग्रॅम, ग्लुकोजच्या सलाइनमधून, लागोपाठ तीन दिवस. त्यांतील एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइड ५०० मिलिग्रॅम. आणि हाच क्रम दर अठ्ठावीस दिवसांनी. मधल्या काळात रोज सायक्लोफॉस्फमाइडची ५० मिलिग्रॅमची एक गोळी. जखमा भरल्यावरही हे क्रम काही महिने चालू ठेवावयाचे, मग केवळ गोळी, मग केवळ देखरेख. 'पल्स' पद्धती या नावाने ती देशभरच्या सरकारी रुग्णालयांत पसरली, आणि पुष्कळांना रोजच्या स्टेरॉइडपासून, कित्येकांना सर्वच औषधांपासून, मोकळीक मिळाली. तिच्यात एक अट मोठी होती : मध्येच सोडावयाचे नाही. जखमा बुजल्या की गाडीभाडे, बुडणारा रोज, शेतीची कामे यांचा विचार करून पुढल्या महिन्याला न जाणारे पुष्कळ. त्यांतील बऱ्याच जणांचा रोग उलटे.

पुढे रक्तातील विशिष्ट पेशींच्या कर्करोगावर १९९७ पासून वापरात आलेले 'रिटुक्सिमॅब' हे औषध या रोगावर वापरले जाऊ लागले. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींचा जो वंश, त्यालाच ते आवर घालते. २०१७ साली फ्रान्समधील ९० रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. रिटुक्सिमॅब व थोडा काळ स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी शेकडा ८९ जण दोन वर्षांनी औषधाविना रोगमुक्त होते, केवळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ३४ होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने पेम्फिगससाठी त्यास मान्यता दिली. आपल्या देशात त्याच धर्तीचे औषध २००७ पासून तयार होत असल्यामुळे ते मूळ औषधाहून स्वस्तात मिळते. ते देण्यापूर्वी कावीळ 'बी' व क्षयरोग यांच्या तपासण्या करणे आवश्यक असते, त्या टाळू नयेत.

पेम्फिगॉइडमध्ये पुष्कळदा एवढ्या तीव्र औषधांची गरजच पडत नाही. फ्रान्समधील एका अभ्यासात (२००२) अंगभर पसरलेल्या रोगात तीव्र स्टेरॉइड मलम सर्वांगास लावलेल्यांपैकी शेकडा ७६ रोगी एका वर्षानंतर हयात होते, पोटात स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी शेकडा ५८. वृद्ध शरीराला गोळीपेक्षा मलम सोसते, असा त्याचा बोध. घरातील माणसाने रोज सकाळ-संध्याकाळ म्हाताऱ्या अंगाला हळुवार मलम लावणे हाही येथे औषधाचाच भाग झाला. 'डॉक्सिसायक्लिन' या साध्या प्रतिजैविकाचाही काही रोग्यांना चांगला उपयोग होतो, हे ब्रिटन व जर्मनीतील अभ्यासाने २०१७ मध्ये दाखविले.

आता ज्या दोन गोष्टींवर रोग्याचे प्राण अवलंबून असतात त्या सांगतो.

पहिली : स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. "ही गोळी वाईट, सोडून द्या" असे सांगणारे शेजारी, पाहुणे आणि प्रवासात भेटणारे सद्गृहस्थ मुबलक असतात. बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले की शरीरातील ग्रंथी स्वतःचे स्टेरॉइड बनविणे थांबविते. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो, आणि रोगही उसळी घेतो. मात्रा हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच उतरवावी. परगावी जाताना गोळ्या हिशेबाने बरोबर घ्याव्यात. याच कारणासाठी नावगाव नसलेल्या पुड्यांपासून दूर राहावे, कारण त्यांत छुपे स्टेरॉइड असल्याचे अनेकदा आढळून आले आहे. पहिल्या आठवड्यातला चमत्कार त्याचाच असतो.

दुसरी : आज या रोगात मृत्यू येतो तो बहुधा जंतुसंसर्गाने. ताप, थंडी वाजणे, जखमेस दुर्गंधी किंवा पू, ग्लानी, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. राख, हळद, शेण, झाडपाल्याचे लेप जखमांवर घालू नयेत. फोडाची साल ओढून काढू नये, ती खालच्या जखमेवर नैसर्गिक पट्टीचे काम करते. जखमा जेथे अंथरुणाला चिकटतात तेथे आपल्या देशातील पुष्कळ रुग्णालयांत रोग्यास स्वच्छ केलेल्या केळीच्या पानांवर निजवितात. पान थंड, गुळगुळीत, न चिकटणारे आणि स्वस्त असते. ज्या पानावर आपण सणाचे जेवण वाढतो त्याचा हा उपयोग पाहून परदेशी पाहुण्यांना नवल वाटते. आपल्याला वाटण्याचे कारण नाही.

जेवणाकडे लक्ष द्यावे. तोंडात जखमा असताना माणूस खाणे टाळतो, आणि जखमा भरण्यास तर अन्न हवेच. मऊ भात, वरण, थंड दूध, नाचणीची पेज, मऊ उकडून कुस्करलेले अंडे, पिकलेले केळे चालते. तिखट, चिंच, लिंबू, पापड, चिवडा, कडक भाकरी काही काळ दूर ठेवावी. दात मऊ ब्रशने घासावेत. घासणे सोडून दिल्यास हिरड्या अधिकच बिघडतात.

तरुण रोग्यांच्या बाबतीत आणखी एक विषय असतो. घरात त्याची चर्चा दबक्या आवाजात होते आणि डॉक्टरांसमोर मुळीच होत नाही. सायक्लोफॉस्फमाइडमुळे स्त्री व पुरुष दोघांच्याही संततिक्षमतेला बाध येऊ शकतो. ज्यांचे लग्न व्हावयाचे आहे किंवा ज्यांना मूल हवे आहे त्यांनी हे औषध सुरू होण्यापूर्वीच तसे स्पष्ट सांगावे, कारण त्यांच्यासाठी अन्य औषधे आहेत. सांगण्याचा संकोच केल्यास ही हानी नंतर भरून येत नाही. पेम्फिगस झालेल्या मुलीचे लग्न होऊ नये असे म्हणण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. तो संसर्गजन्य नाही, आणि आईकडून मुलाकडे सरळ उतरणारा आनुवंशिक रोगही नाही. रोग शांत असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भधारणा व्हावी. क्वचित आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळाकडे जाऊन त्याला जन्मतः काही फोड दिसतात, परंतु ते काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. गरोदरपणी बेंबीभोवती खाज व फोड उठल्यास तो वर उल्लेखिलेला गरोदरपणाचा पेम्फिगॉइड असू शकतो. "पोट ताणते म्हणून खाजते" असे म्हणून तो अंगावर काढू नये.

वाचकहो, हा लेख वाचून प्रत्येक आलेल्या तोंडात पेम्फिगस पाहू नये. शंभरातील नव्याण्णव वेळा गुलकंदावर भागेल. पण तीन आठवडे उलटूनही तोंड बरे झाले नाही, किंवा अंगावर कारणावाचून फोड येऊ लागले, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात जावे. तेथे "हा पेम्फिगस तर नव्हे ना?" एवढा एक प्रश्न विचारावा. बहुधा उत्तर नकारार्थी येईल आणि आपण निश्चिंत मनाने घरी परताल. एखाद्या वाचकाच्या बाबतीत ते होकारार्थी आले, तर निदान त्याचे सहा महिने वाचतील. या रोगात सहा महिने हा फार मोठा काळ आहे.